खंडेनवमीला बंद पडलेलं गाव

मी लोखंडावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. मशीन म्हणजे ज्याला हात लावता येतो, ज्याचं झाकण उघडून आतली धूळ फुंकता येते, आणि बिघडलं तर नेमकं काय बिघडलं ते बोटाने दाखवता येतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीत घरोघर कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचो तेव्हाही माझं हेच म्हणणं होतं आणि आजही आहे. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझी बाजू कोणती होती ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर कॉम्प्युटर क्लास होता. क्लासचे सर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. तिथली यंत्रं मी सांभाळायचो आणि तिथेच शिकवणारी एक मुलगी माझी मैत्रीण होती. ती ठाण्याच्या बाळकुमची, कोळ्यांच्या घरातली. जिभेला हाड नाही आणि प्रोग्रॅमिंगला तोड नाही, असा मामला. आम्ही दोघांनी मिळून एक गाव चालवायला घेतलं होतं.

ते गाव नुसत्या अक्षरांचं होतं. मोडेमने फोन जोडला की काळ्या पडद्यावर ओळी उमटायच्या: तुम्ही वेशीवर उभे आहात, उजवीकडे देऊळ, समोर बाजार. ‘उजवीकडे’ असं टाइप केलं की तुम्ही देवळात. तिथे आणखी कोणी आलेलं असेल तर त्याच्याशी गप्पा मारता यायच्या, भांडताही यायचं. भाषा मराठी, पण रोमन अक्षरांत, कारण आमच्या त्या पडद्याला देवनागरी येत नव्हती. फोनची लाईन एकच, म्हणून बाहेरून एका वेळी एकच जण यायचा. बाकीचे क्लासमधल्या कॉम्प्युटरांवर बसून यायचे. ज्याला हवं त्याने आपलं घर बांधावं अशी मुभा होती. कॉलेजच्या पोरांनी राजवाडे बांधले. एकाने किल्ला बांधला आणि त्याला दारच ठेवलं नाही, मग स्वतःलाच आत जाता येईना म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आला.

तिने मात्र आपलं बाळकुमचं जुनं घर बांधलं. खरं घर बिल्डरला गेलं होतं आणि त्या जागी इमारतीचा पाया खणला जात होता. तिचे वडील, भाऊ, वहिनी आणि ती आता जवळच एका तिसऱ्या मजल्यावर राहत होते. वडिलांनी आयुष्यभर खाडीत मासेमारी केली होती. फ्लॅटमध्ये आल्यापासून ते घराचं नाव काढत नव्हते. कोणी काढलं तर उठून गॅलरीत जायचे.

एके दिवशी तिने घरच्या कॉम्प्युटरवरूनच गावात फोन लावला आणि आपण लिहिलेलं घर त्यांना वाचून दाखवलं. ते ऐकत होते की नाही तिला कळेना. मग एकदम म्हणाले, “तसा नाय गो. चूल डाव्या अंगाला व्हती. उजव्या अंगाला तुजी आय बसायची.”

तिने चूल हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून विचारलं, “लावतंस काय तुजा फोन?” तेव्हापासून संध्याकाळ झाली की वडीलच सांगत जायचे आणि ती त्यांच्याच शब्दांत टाइप करायची. चुका काढण्यात तर त्यांचा हात कोणी धरला नसता. काल सांगितलेलं आज बदलायचे, आज बदललेलं परवा परत तसंच करायचे. ती वैतागायची, माझ्यापाशी येऊन हातपाय आपटायची आणि संध्याकाळी पुन्हा बसायची. जो माणूस महिनोन्‌महिने गप्प होता तो बोलत होता, याचा तिला केवढा आनंद होता ते तिच्या चिडण्यातूनच कळायचं.

हे सगळं गाव क्लासच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर होतं. मी चार ठिकाणचे भाग जमवून ते उभं केलं होतं. पंख्याचा आवाज गिरणीसारखा, पण मशीन इमानदार. क्लासमधली पोरं ते चुकून बंद करू नयेत म्हणून सरांनी स्वतः मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून त्यावर चिकटवली होती: बंद करू नये. त्या पावसाळ्यात त्याची डिस्क टकटक करायला लागली. डिस्क आज ना उद्या जाणार, इतकाच त्याचा अर्थ.

मी म्हटलं, दुसरं मशीन शोधतो. ती म्हणाली, मशीनच नको. एका मासिकाबरोबर आलेली सीडी तिने आणली होती. त्यात नुकतंच निघालेलं एक सॉफ्टवेअर होतं. सरांच्या नव्या, दांडग्या कॉम्प्युटरवर ते टाकायचं, की त्याच्या पोटात दुसरं मशीन तयार होणार. त्याला स्वतःची डिस्क, स्वतःची मेमरी, सगळं काही, पण सगळं खोटं. बाहेरून पाहिलं तर ती नुसती एक मोठी फाईल. व्हर्च्युअल मशीन, असं त्याचं नाव.

“आणि हे बिघडलं तर मी झाकण कशाचं उघडू?” मी विचारलं.

“अरे, झाकण नाहीच ना. म्हणून तर बिघडणार नाही.”

“ज्याला झाकण नाही त्याला मी मशीन म्हणत नाही.”

“तू नको म्हणूस. तुझ्या त्या डब्यात माझा बाबा बसलाय आणि डबा टकटक करतोय. मला झोप लागत नाही.”

श्रावणात आम्ही गाव नव्या मशीनच्या पोटात हलवलं. मी एवढंच पदरात पाडून घेतलं, की जुनं मशीन दिवाळीपर्यंत चालू राहील, त्याच्यात गावाची श्रावणातली प्रत राहील, आणि फोनही आधी त्यालाच लागेल. ते फोन नव्याकडे पाठवणार. नव्याने ओ दिली नाही तर आपलं जुनं गाव उघडून देणार. चिठ्ठी अर्थातच होती तिथेच राहिली.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती आणि तिच्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. आतल्या मशीनवर जे काही नवं लिहाल ते आधी वेगळ्या फाईलमध्ये कच्चं राहणार. तुम्ही ‘पक्कं कर’ म्हणाल तेव्हाच ते मुख्य डिस्कमध्ये जाणार. नको असेल तर एका फटक्यात फेकून देता येणार. तिला ही सोय फार आवडली. बाबा रोज बदलतात, ते ‘झाला’ म्हणाले की एकदाच पक्कं करीन, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, कच्ची फाईल वाढत चाललीय, एखाद्या दिवशी मधेच वीज गेली तर फाटेल. ती म्हणाली, यूपीएस आहे. गणपती गेले, घराच्या मागच्या अंगाचं सगळं लिहून झालं, त्यांची बायको आजारपणात जिथे झोपायची ती जागासुद्धा. पण ‘झाला’ काही ते म्हणाले नाहीत.

पितृपक्षात त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डाव्या हातातलाही जोर गेला होता, त्याचं एक बोट तेवढं मनासारखं हलायचं.

ती काही दिवस क्लासला आलीच नाही. आली तेव्हा माझ्याशी मशीनविषयी अवाक्षर बोलली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्याशी बोलत राहा, ओळखीचं काही वाचून दाखवा. म्हणून ती पुन्हा संध्याकाळी गावात फोन लावून त्यांच्यापुढे घर वाचायला लागली. वाचताना तिचा एखादा शब्द चुकला की ते बोट वर करायचे. दुरुस्त करून वाचलं की खाली. एवढंच बोलणं उरलं होतं आणि तेही त्या गावाच्या आधाराने. आता पक्कं करून टाक, असं मी तिला एकदा सांगून पाहिलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते आणि पूजा झालेलं यंत्र दुसऱ्या दिवशी दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत चालवायचं नाही, हा सरांच्या घरचा नियम. क्लास काढण्याआधी सर एमआयडीसीतल्या कारखान्यात होते, तिथेही मोठमोठी यंत्रं त्या दिवशी गप्प उभी असायची. वर्षभर राबवतो, एक दिवस तरी सोडावं, असं ते म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे.

मी गेलो तेव्हा पूजा आटोपली होती. प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ, प्रत्येक कीबोर्डवर हळदकुंकू. उदबत्तीचा वास भरलेला. कोपऱ्यातलं जुनं मशीन मात्र घरघरत होतं. त्यालाही माळ होती, गंध होतं, पण चिठ्ठीचा मान राखून सरांनी ते चालू ठेवलं होतं. सर प्रसाद वाटत होते. तेवढ्यात वरून सरांच्या बायकोने, काकूंनी, हाक मारली. “अरे, तुझा फोन आहे. बाळकुमहून. रडतेय ती.”

मी दोन-दोन पायऱ्या चढून वर गेलो. सुटीचा दिवस म्हणून तिने त्या दिवशी दुपारीच वडिलांना वाचून दाखवायला घेतलं होतं.

“मागचं दार नाहीये,” ती म्हणाली.

“कसलं मागचं दार?”

“घराचं, गावातल्या! ‘मागच्या दारी’ म्हटलं की इथे वाट नाही म्हणतंय. आईची जागा नाही, काहीच नाही. मी बाबांना वाचून दाखवत होते रे. त्यांनी बोट वर केलंय ते खालीच घेत नाहीत. वैनी पाणी पाजायला गेली तर तोंड मिटून घेतलं. काय झालं तिकडे?”

काय झालं ते मला फोनवरच कळलं होतं, नव्याने ओ दिली नव्हती आणि जुन्याने आपलं श्रावणातलं गाव उघडून दिलं होतं, तरी मी धावत खाली गेलो. सरांचा नवा कॉम्प्युटर गपगार. त्याची माळ सगळ्यात मोठी. यूपीएसच्या बटणावर कुंकवाचं बोट उमटलेलं.

“सर, हा बंद कोणी केला?”

“मीच. मॉनिटर काळाच होता, म्हटलं बंदच आहे. यूपीएसचं बटण राहिलं होतं तेवढं दाबलं. का रे? तुमचं मशीन चालू आहे ना? चिठ्ठी बघूनच सोडलं मी.”

सरांचं काहीही चुकलं नव्हतं. चिठ्ठी लोखंडाला चिकटते. ज्याला अंगच नाही त्याला कुठे चिकटवणार? तरी मी ओरडलो. जे मशीन तुम्ही सांभाळलंत त्यात नुसती जुनी प्रत आहे, गाव ह्याच्या पोटात होतं, चालतं मशीन तुम्ही तोडलंत, असं सगळं बोलून गेलो. सरांचा चेहरा पडला. पण चालू करू द्या म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. “आज नाही. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की पहिलं हेच चालू करू.”

“सर, पूजा बाहेरच्या मशीनची झालीय. आतल्याला तुम्ही कुंकू कुठे लावलंत? मग ते चालायला काय हरकत आहे?”

“मला वकिली शिकवू नकोस,” सर म्हणाले.

मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, निघाले. ती येईपर्यंत मी क्लासच्या पायरीवर बसून होतो. रागाने नुसता धुमसत होतो, सरांवर, त्या सॉफ्टवेअरवर आणि तिच्यावरही. ज्या माणसाचे शब्द पुन्हा मिळणार नव्हते ते तिने कच्चे ठेवले होते, आणि ती कच्ची फाईल उघडी असताना वीज तुटली होती. ती फाटली असेल तर बाबांचं बोलणं संपलं, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

ती आली ती सरळ सरांपुढे उभी राहिली. मला वाटलं, आता भडकणार. पण आवाज खालचा होता. “सर, तुम्ही चिठ्ठी पाळलीत, तुमची चूक नाही. पण माझा बाबा ह्याच्यात आहे. तिकडे तो पाणी घेत नाहीये.”

सरांनी कॉम्प्युटरवरची माळ काढली, शेजारच्या मॉनिटरवर ठेवली, हात जोडले. मी बटणाकडे हात नेला तो त्यांनी बाजूला केला. “मी बंद केलंय, मीच चालू करणार.”

बाहेरचं मशीन सुरू झालं. तिने ते सॉफ्टवेअर उघडलं, आणि त्याने इंग्रजीत विचारलं: कच्ची फाईल सापडली आहे, पक्कं करू, टाकून देऊ, की तसंच ठेवू?

तिचा हात माउसकडे गेला. मी तो धरला. “थांब. फाटलेली असेल आणि पक्कं केलंस तर चांगली डिस्कही खराब होईल. आधी ह्या फाईलची प्रत दुसरीकडे काढू.”

“दुसरीकडे कुठे?”

दुसरीकडे म्हणजे एकच जागा होती. बाकीच्या कॉम्प्युटरांच्या डिस्क भरलेल्या, आणि सरांना आणखी माळा उतरवायला सांगायची आमची छाती नव्हती. चालू होतं ते माझं जुनं मशीन. दोघांत वायर होतीच, मी फाईल तिकडे पाठवायला लागलो.

तो वेळ माझ्या अजून अंगावर येतो. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि कोपऱ्यात डिस्क टकटकत होती. मधेच पट्टी थांबली. टक. टक. टक. तिने ओढणीचं टोक दातात धरलं. सर देवाचं काहीतरी पुटपुटत होते. मी गुडघ्यावर बसून त्या डब्यावर तळहात टेकवला, आजारी माणसाच्या कपाळावर टेकवतात तसा, आणि मनातल्या मनात त्याला शिव्याही दिल्या आणि विनवण्याही केल्या. पट्टी पुन्हा सरकली. शेवटपर्यंत गेली.

मग तिने ‘तसंच ठेवू’ निवडलं. आतलं मशीन जागं झालं, आपली डिस्क तपासत बसलं, चुका सापडल्या म्हणालं, दुरुस्त केल्या म्हणालं, ओळींवर ओळी. आणि गावाची वेस आली. ती टाइप करत गेली. बाजार, गल्ली, ओटा, चूल. ‘मागच्या दारी’ लिहून ती थांबली. मग तिने एंटर दाबलं.

“मागल्या दारी आलंव. हितं शेगटाचा झार. जाली हितंच वालत घालतात. वाकून चाल, दोरी गल्याला लागल.”

ती हसली आणि रडली, दोन्ही एकाच वेळी. मीही डोळे पुसले, लपवत नाही. “आता तरी पक्कं कर,” मी म्हटलं. “देवाशपथ, आत्ताच कर.”

“आधी त्याला वाचून दाखवते.”

काकूंनी वरचा फोन लांब वायरीने जिन्यातून खाली सोडला. घरी तिच्या वहिनीने फोन वडिलांच्या कानाला लावला आणि स्वतःही डोकं चिकटवलं. फोन इतका मोठ्याने बोलायचा की आम्हाला सगळं ऐकू येत होतं. तिने मागचं दार पहिल्यापासून वाचलं. शेवग्याचं झाड, जाळी, दोरी, मग आईची जागा. वाचून झाल्यावर विचारलं, “वैनी, बोट?”

“खाली घेतलान.”

सरांनी मोठा श्वास सोडला. मी पडद्याकडे बोट दाखवलं. पण ती हलली नाही.

“वैनी, डोले उघडे हायत?”

“मिटलेत. दुपारपासून दमलाय गो तो. आयकतं का नाय, काय कलत नाय.”

बोट खाली आलं ते सगळं बरोबर होतं म्हणून, की ऐकायचंच संपलं म्हणून? ती पांढरीफटक पडली. मग पडद्याकडे न बघता, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून तिने पुन्हा वाचायला सुरुवात केली. “मागल्या दारी आलंव. हितं आंब्याचा झार.”

सरांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना गप्प राहायची खूण केली. फोनमध्ये काहीच नव्हतं. तिकडच्या पंख्याची घरघर तेवढी. तिने पुन्हा म्हटलं, आवाज फुटला तरी म्हटलं, “आंब्याचा झार, बाबा. आंब्याचा. आयकतंस ना?”

काही नाही. मग वहिनी ओरडली. “उचललान! अगो, बोट उचललान! डोले उघडलेन, माज्याकरं रागान बघतंय!”

“शेगटाचा, बाबा, शेगटाचा! चुकला माजा!” ती फोनमध्ये ओरडत होती आणि हसत होती. “वैनी, आता पाणी दे त्याला, घेईल.” त्यांनी पाणी घेतलं.

तिने फोन काकूंकडे दिला, खुर्ची पुढे ओढली आणि आतलं मशीन रीतसर बंद केलं. बंद होताना त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला: पक्कं करू, टाकून देऊ, की तसंच ठेवू? मी तिच्या खांद्याशी उभा होतो. तिने ‘तसंच ठेवू’ वर बोट दाबलं. मी कपाळावर हात मारला.

सरांनी माळ हातात घेत विचारलं, “झालं का गं?”

“नाही सर,” ती म्हणाली. “अजून चुका काढतोय तो.”